रात्रीचा आवाज: भुताचा की भुईचा?

लातूर, धाराशिव, नांदेड, हिंगोली या पट्ट्यातल्या कुठल्याही गावच्या पारावर जाऊन बसा आणि सहज विचारा, ‘रात्री काही आवाज-बिवाज येतो का हो इकडं?’ चहा येईपर्यंत चार गोष्टी ऐकायला मिळतील. एकजण सांगेल, छपरावर खडे पडतात, बाहेर येऊन बघावं तर कुणी नाही. दुसरा सांगेल, पडक्या वाड्यात कुणीतरी घोरतं. तिसरा आवाज बारीक करून म्हणेल, नदीच्या अंगानं बाई रडल्यासारखं ऐकू येतं. आणि चौथा सांगेल, भुईतूनच ‘धुडुम्’ होतं, विहिरीत सुरुंग उडवल्यासारखं, आणि मांडणीवरची भांडी वाजतात. तेवढ्यात एखादे आजोबा तंबाखू मळत म्हणतील, ‘काय न्हाई, शेषानं फडा बदलला!’

या चारही गोष्टींना गावात एकच नाव असतं, ‘गूढ आवाज’. वर्तमानपत्रांनाही हा शब्द फार आवडतो, मथळ्यात शोभून दिसतो. पण नाव एकच असलं तरी माल चार प्रकारचा आहे. पहिल्या तिन्हींची उत्तरं आपल्या छपरावर आणि शिवारात सापडतात. चौथ्याचं उत्तर जमिनीखाली आहे, आणि तिथं मात्र आपल्या घराच्या भिंतीकडं बघायची वेळ येते. तर आधी पहिले तीन हातावेगळे करू.

छपरावरचे खडे

घरावर पत्रे आले आणि हा आवाज गावोगावी सुरू झाला. दुपारी उन्हात पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो. रात्री आभाळ निरभ्र असेल तर तोच पत्रा गारठून जातो. लोखंड तापलं की लांबतं, निवलं की आखडतं. वीस फुटी पत्र्याच्या तापमानात तीस-पस्तीस अंशांचा फरक पडला तर तो दोन-अडीच मिलिमीटर कमीजास्त होतो. हे काही फार नाही म्हणाल; पण पत्रा खिळ्यांनी आणि आकड्यांनी जखडलेला असतो. तो सुखासुखी सरकत नाही. अडून अडून एकदम सुटतो आणि ‘टण्ण’ करून वाजतो. दिवस मावळल्यावर आणि पुन्हा सकाळी ऊन लागल्यावर हे जास्त होतं. खडा पडला म्हणून बॅटरी घेऊन वर चढाल तर खडा सापडणार नाही. खरोखरचा खडा सापडला, तर तो टाकणारा हात दोन पायांच्या प्राण्याचाच असतो आणि बहुधा ओळखीतला. भानामती म्हणून गाजलेल्या प्रकरणांत घरातलं किंवा भावकीतलं भांडण निघालं, असं किती वेळा झालंय हे तुम्हाला ठाऊक आहे.

कौलांच्या घरात प्रकार वेगळा. तिथं रात्री कौलं सरकतात, आढ्यावरून कुणीतरी चालत गेल्यासारखं होतं. हे बहुतेक वेळा उदमांजर असतं. कोकणात त्याला कांडेचोर म्हणतात. दिवसभर माळ्यावर नाहीतर ताडामाडाच्या शेंड्यात झोपायचं आणि रात्री फळं, उंदीर, किडे शोधत हिंडायचं, असा त्याचा दिनक्रम. चिकू, पपई, आंबा पिकायला लागला की त्याची गस्त वाढते.

वाड्यात घोरणारं कोण

पडका वाडा, जुनं देऊळ, बंद पडलेली जिनिंग. अशा ठिकाणी रात्री ‘खर्रऽऽ, श्शूऽऽ’ असा लांब श्वास ऐकू येतो. माणूस घोरावा अगदी तसा. गव्हाणी घुबडाची पिल्लं भूक लागली की असा आवाज काढतात. आई-बाप उंदीर घेऊन येईपर्यंत हे रडगाणं रात्रभर चालतं. मोठं घुबड तर कर्कश किंचाळतं, आणि उडताना पंखांचा जरासुद्धा आवाज करत नाही. पांढरट तोंड, काळे डोळे आणि डोक्यावरून आवाज न करता गेलेली पांढरी सावली. आता यापेक्षा वेगळं भूत कुणाला हवं?

खरं तर शेतकऱ्यानं या घुबडाला घरजावई करून ठेवावं. त्याचं मुख्य अन्न उंदीर. पिल्लं असली की एक जोडी रात्रभर उंदरांच्याच मागं असते. ज्या धान्यासाठी आपण उंदरांना विष घालतो, त्या धान्याची राखण ते फुकट करतं. आणि आपण काय करतो? अपशकुनी म्हणून दगड मारतो. दिवाळीच्या सुमारास तर जादूटोण्यासाठी घुबडं पकडून विकली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं ते डोळेझाक करतात.

पिंगळ्याचं तसं नाही. हे ठेंगणं घुबड संध्याकाळपासून ‘चिर्रर-चिर्रर’ करून भांडत सुटतं. दोन बायका नळावर भांडाव्यात इतका गलका एक जोडी करू शकते. पहाटे कंदील घेऊन दारात येणारा आणि पिंगळ्याची भाषा कळते म्हणून भविष्य सांगणारा पिंगळा आता फारसा दिसत नाही, पण आवाजाला घाबरायची सवय मात्र मागं राहिली आहे.

नदीकाठची बाई

रडणाऱ्या बाईचे उमेदवार बरेच आहेत. माजावर आलेल्या मांजरांचा आवाज तान्ह्या पोराच्या रडण्याइतका हुबेहूब असतो. पुष्कळ ‘स्मशानातली पोरं’ ती हीच. कोल्ह्यानं एकट्यानं काढलेला सूर लांबून ऐकला तर विव्हळणं वाटतं. मग दुसरे मिळाले की कोल्हेकुई होते आणि ओळख पटते. मोर रात्री बिचकला तर ओरडतो. टिटवी तर कुणी बांधावरून गेलं तरी आकाशपाताळ एक करते. तिला अपशकुनी म्हणतात, पण ती जमिनीवर उघड्यावर अंडी घालते, राखण करणं तिला भागच आहे. माळरानावर करवानक पक्षी रात्री तीक्ष्ण शिट्ट्या घालतो. रातवा ‘चक-चक-चक’ करतो, लाकडावर गारगोटी टाकावी आणि ती उसळत जावी तसं.

हाकामारीची गोष्ट यातूनच वाढली असावी, असं आपलं माझं मत. रात्री नावानं हाक येते, पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असं आपल्याला लहानपणी बजावलेलं असतं. अर्धवट झोपेत कान कुठल्याही आवाजात ओळखीचं नाव शोधतो. त्यात आधी गोष्ट ऐकलेली असेल तर नाव सापडतंच.

एका आवाजाची मात्र थट्टा करू नका. करवतीनं लाकूड कापावं तसा ‘खर्र-खर्र, खर्र-खर्र’ असा तालात येणारा आवाज उसाच्या फडातून किंवा ओढ्याच्या कडेनं आला, तर तो बिबट्या असू शकतो. रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला जाणाऱ्यांनी हा आवाज ऐकून ठेवलेला बरा. तो आला की बारं मोडायला एकट्यानं जाऊ नये, पोरांना तर मुळीच पाठवू नये, आणि सकाळी वनखात्याच्या माणसाला कळवावं.

हे सगळे आवाज रात्रीच का, असाही प्रश्न पडतो. एक तर रात्री बाकीचा गोंगाट नसतो. दुसरं कारण हवेचं. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असते आणि आवाज वर उडून जातो. थंडीच्या रात्री उलटं होतं. खाली गार हवा, वर उबदार, अशी थराची मांडणी झाली की आवाज वाकून पुन्हा जमिनीकडं येतो. त्यामुळं एरवी ऐकू न येणारी आगगाडी शेजारून गेल्यासारखी वाटते. गाळप हंगामात साखर कारखान्यानं बॉयलरची वाफ सोडली तर लांबच्या गावात लोक अंथरुणात उठून बसतात. नाशिककरांना तर ओझरच्या विमानांचे ‘धडाम’ माहीत आहेतच. आवाजापेक्षा वेगानं विमान गेलं की तो दणका बसतो, खिडक्या थरथरतात, आणि मग दिवसभर फोन सुरू होतात.

आता भुईचा आवाज

हवेतून आलेला दणका असला तर दारं-खिडक्या वाजतात. भुईतून आलेला असला तर मांडणीवरची भांडी वाजतात, बाजेचे पाय थरथरतात, आणि जमिनीवर झोपलेल्याला तो आधी कळतो. थोडक्यात, हा आवाज ओळखायला नुसता कान पुरत नाही, पाठ भुईला लागलेली असावी लागते.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण दिसायला अभंग, पण त्यात आणि त्याच्याखालच्या जुन्या खडकात भेगा आहेत. शतकानुशतकं त्यांच्यावर ताण साचत असतो. एखादी भेग जराशी सरकली की भूकंप होतो. तो बारीक असला तरी जात तीच. त्यातून दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली दाबत-ढकलत जाते, कठीण खडकातून सेकंदाला पाच-सहा किलोमीटर. दुसरी हलवत जाते, साडेतीन किलोमीटरच्या आसपास. हवेतला आवाज सेकंदाला जेमतेम ३४० मीटर जातो, यावरून अंदाज करा. पहिली लाट वर येऊन पोचली की जमीन हलगीच्या कातड्यासारखी थरथरते आणि ती थरथर हवेत उतरते. तोच आपला ‘धुडुम्’ किंवा ‘गुर्रर’.

मोठ्या लांबच्या भूकंपाची कंपनं इतकी सावकाश असतात की कानाला कळत नाहीत. सेकंदाला वीसपेक्षा कमी हेलकावे आपल्याला ऐकूच येत नाहीत. उलट, गावाखाली किलोमीटर-दोन किलोमीटरवर झालेला चिमुकला भूकंप कंपनं जलद काढतो, आणि कठीण खडक ती मरू देत नाही. म्हणून आवाज मोठा आणि हादरा जवळपास नाही, असं होतं. आधी गुरगुर आणि मग थरथर असा क्रम असेल तर मधला वेळ मोजून बघा. एका सेकंदाला साधारण आठ किलोमीटर धरा. दोन्ही एकदमच आलं तर उगम तुमच्या शिवाराखालीच आहे.

यातूनच गाव आणि सरकार यांच्यात एक भांडण नेहमी होतं. गावकरी सांगतात, आवाज झाला. तहसीलमधून उत्तर येतं, भूकंपमापकावर नोंद नाही. गावाला वाटतं आपल्याला खोटं पाडलं. साहेबाला वाटतं गाव उगीच घाबरलंय. सप्टेंबर २०२२ मध्ये औसा तालुक्यातल्या हासेगावात जमिनीतून आवाज येऊ लागले, तेव्हा हेच झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये निलंगा तालुक्यातल्या निटूर-डांगेवाडीला आणि पाठोपाठ खुद्द लातूर शहरात विवेकानंद चौकाच्या परिसरात आवाज झाले, तेव्हाही नोंद नसल्याचंच सांगितलं गेलं. माझ्या मते यात दोघंही खोटं बोलत नव्हते. इतका बारीक भूकंप दोन-चार किलोमीटरच्या पलीकडं पोचता पोचता विरून जातो. यंत्र जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला असेल तर त्याला तो कळायचा कसा? कानच यंत्रापेक्षा जवळ असतो.

पालघर जिल्ह्यात याचा पुरावाच मिळाला. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, आवाज आणि धक्के सुरू झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं तिथं जाऊन जवळजवळ यंत्रं बसवली, तेव्हा धक्क्यांचा आकडा हजारोंत गेला. ते आधीही होत होते, मोजणारं जवळ नव्हतं एवढंच. १ फेब्रुवारी २०१९ ला एकाच दिवसात बरेच धक्के बसले, मोठा चारच्या थोडा वर होता. घाबरून घराबाहेर पळताना एक चिमुरडी पडून दगावली. थंडीत लोक तंबूंत झोपले. नांदेड शहरानंही २००६-०७ च्या सुमारास अशाच आवाजांचा अनुभव घेतला आहे.

पावसाळ्यानंतर हे आवाज वाढतात असं गावकरी सांगतात. ते अगदीच हवेतलं बोलणं नाही. पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथला दाब वाढतो, आणि आधीच ताणलेली भेग सरकायला निमित्त मिळतं. पालघरच्या बाबतीतही अभ्यासकांचा कयास पाण्याकडं बोट दाखवतो. याचं सगळ्यांत मोठं उदाहरण आपल्याच सह्याद्रीत आहे. कोयनेच्या धरणात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठू लागलं, आणि १९६३ पासून धरणाजवळच्या लोकांना सुरुंग उडाल्यासारख्या आवाजासह धक्के जाणवायला लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर उद्ध्वस्त झालं. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. आज कऱ्हाडजवळ हजारमाचीला या भूकंपांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, आणि तिच्यासाठी २०१६-१७ मध्ये कोयना भागात गोठण्याला तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलेलं आहे.

सगळेच भुईतले आवाज भूकंपाचे नसतात, हेही सांगितलं पाहिजे. भरपूर पावसानंतर भूजल झपाट्यानं चढलं की बोअरमधली हवा वर ढकलली जाते आणि केसिंगच्या तोंडातून शिट्टी किंवा हुंकार येतो. जुन्या विहिरीचं बांधकाम आतून ढासळतं तेव्हाही रात्री मोठा आवाज होतो. हे दोन्ही दुसऱ्या दिवशी बघून कळतं. बोअरच्या तोंडावर कागदाचा कपटा धरा, तो फडफडला तर तुमचं भूत सापडलं.

किल्लारीचं ऐका

आता कळीचा प्रश्न. हे आवाज म्हणजे मोठ्या भूकंपाची नांदी का?

किल्लारी भागात १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आवाज आणि धक्के झाले होते. भीती पसरली होती. मग ते विरळ झाले, वर्ष सरकलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, विसर्जनाहून आलेली माणसं गाढ झोपेत. मृतांचे आकडे वेगवेगळ्या नोंदींत वेगवेगळे आहेत, पण आठ ते दहा हजारांच्या घरात. हा भाग तोवर देशातल्या सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरला जात होता. तो पट्टाच २००२ मध्ये नकाशातून काढून टाकला गेला.

पण याची दुसरी बाजूही आहे. आवाजांच्या आणि बारीक धक्क्यांच्या अशा मालिका महाराष्ट्रात कितीतरी झाल्या आणि बहुतेक काही न घडता शांत झाल्या. हासेगाव, निटूर, नांदेड इथं किल्लारी झालं नाही. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात वर्षानुवर्षं आवाज येतात. त्या जिल्ह्यात २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास अकरा मिनिटांच्या अंतरानं ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले, १० जुलैला पुन्हा ४.५ चा बसला. घरांना तडे गेले, पण गावं उभी आहेत. आवाजाची कुठली मालिका विरणार आणि कुठली वाढणार, हे आधी सांगणारं शास्त्र अजून जगात कुठंच नाही. ‘आज रात्री बारा वाजता मोठा भूकंप’ असा निरोप मोबाईलवर आला तर तो पाठवणाऱ्याला ठाऊक नाही आणि त्याच्या गुरूलाही ठाऊक नाही. त्या निरोपापायी गावच्या गाव थंडीत शेतात जाऊन बसतं आणि मागं घरफोड्या होतात. आवाज बंद करून देतो म्हणून कोंबडं आणि पैसे मागणारा आला, तर त्याच्यासाठी २०१३ चा जादूटोणा प्रतिबंधक कायदा आहे.

मग करायचं काय? किल्लारीतच बघा. माणसं मारली ती भुईनं नव्हे, भिंतींनी आणि माळवदांनी. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, आतून एक थर, बाहेरून एक थर, मध्ये भरताड. दोन्ही थरांना जोडणारा दगड नाही. वर लाकडी सरे-पाटे आणि त्यावर मातीचा थर, तो गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर आणखी पांढरी टाकायची. बापानं टाकली, आजानं टाकली. कुठंकुठं तो थर दोन फुटांवर गेलेला. हादऱ्यात बाहेरचा थर बाहेर पडला, आतला आत पडला आणि वरची माती झोपलेल्यांवर आली. त्याच गावांतल्या कुडाच्या झोपड्या हलल्या आणि उभ्या राहिल्या. ज्यांच्या घराला लाकडी खांबांचा सांगाडा धड होता, त्यांच्यातल्या काहींच्या भिंती पडल्या पण छप्पर वरच राहिलं. गरिबाचं घर वाचलं आणि वाडा बसला, हे त्या पट्ट्यातल्या वडीलधाऱ्यांना आजही सांगता येतं.

पुढं ५२ गावं नव्या जागी वसली, नवी घरं झाली. पण अशी जुनी घरं मराठवाड्यात आजही हजारोंनी आहेत, आणि नव्या घराच्या जोडीला जुन्या पद्धतीची खोली वाढवणारेही आहेत. दगड फुकट, माती फुकट, उन्हाळ्यात गारवा. समजू शकतं.

म्हणून, आवाज येत असेल तर दोन कामं करा. पहिलं, वही. तारीख, मोबाईलवर बघून मिनिटापर्यंतची वेळ, आवाज कसा, किती वेळ, भांडी वाजली का खिडक्या, आणि गावात कोणकोणत्या आळीत कळला. शाळेतल्या गुरुजींनी किंवा एखाद्या मुलीनं हे काम घेतलं तर महिन्याभरात तलाठ्याला आणि तहसीलच्या आपत्ती कक्षाला द्यायला कागद तयार होतो. ‘लय आवाज येतोय साहेब’ या वाक्यावर यंत्र येत नाही. चाळीस नोंदींच्या वहीवर यायची शक्यता जास्त. एकाच मिनिटाला तीन गावांच्या नोंदी जुळल्या तर उगम कुठल्या बाजूला आहे, तेही सांगता येतं.

दुसरं काम भिंतीचं. दिवसा घराभोवती फिरा. भिंतीला पोट आलंय का, कोपऱ्यात उभी चीर आहे का, तुळईच्या टोकाखालचा दगड सुटलाय का, ते बघा. चिरेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा. महिन्यानं रुंद झाली का कळेल. पोट आलेल्या भिंतीलगतची बाज आजच हलवा. मांडणीवरचे हंडे आणि जड डबे खाली उतरवा, म्हाताऱ्यांचं आणि पोरांचं अंथरूण दाराच्या जवळ टाका आणि ती वाट मोकळी ठेवा. गवंडी लावणार असाल तर त्याला सांगा, दर तीन-चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड हवा, आणि छपराखाली चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा हवा. खांब आणि तुळई जिथं मिळतात तिथं तिरके टेकू ठोकून घ्या. सुताराला दोन दिवसांचं काम आहे.

आणि मृगाच्या आधी माळवदावर पांढरी टाकायला चढाल, तेव्हा यंदा आधी जुनी काढा. एका बाजूनं न काढता थोडी थोडी सगळीकडून सारखी, म्हणजे खालच्या भिंतीवर भार एकतर्फी येत नाही. वीतभर थर पुरतो. त्याच्याखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरला की तेवढीच माती गळत नाही. उतरवलेली माती शेतात टाका, तिथं ती कुणाच्या अंगावर पडत नाही.